सर्टिफिकेट कोणतं घेऊ, आणि डाएट चार्ट देऊ का?

प्रश्न असा आला: "ताई, मी बडोद्यातच राहतो, मांजलपूरला. वय २४, बी.कॉम. झालोय. दोन वर्षं एका जिममध्ये फ्लोअर ट्रेनर आहे, पगार ११ हजार. मालक म्हणतात, सर्टिफिकेट आण, मग पर्सनल ट्रेनिंगचे क्लायंट देतो. एका ठिकाणी तीन महिन्यांचा 'इंटरनॅशनल' कोर्स आहे, ट्रेनर आणि न्यूट्रिशनिस्ट अशी दोन्ही सर्टिफिकेटं मिळतात, फी ६५ हजार. घ्यावा का? की एसीई वगैरे करावं? माझं इंग्रजी कच्चं आहे. मेंबर डाएट चार्ट मागतात, तो देता येतो का? आणि आई म्हणते, हे सगळं सोड आणि बँकेच्या परीक्षा दे."

पैसे अजून भरले नसशील तर थांब. भरले असशील तरी वाच.

आधी सांगणारी कोण ते सांगते. मी दांडिया बाजारात वाढले. आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. घरात ते मंदिर चालवणाऱ्या प्रो. माणिकरावांचं नाव कुलदैवताच्या जवळपास घेतलं जायचं, आणि कुणाचा हात मुरगळला की "आज माणिकराव असते तर एका झटक्यात बसवला असता" हे वाक्य ठरलेलं. मी सयाजीराव विद्यापीठातून फूड्स अँड न्यूट्रिशनमध्ये एम.एस्सी. केलं, नंतर ट्रेनरची परीक्षा दिली, आणि गेली १८ वर्षं याच गावात लोकांना उठाबशा काढायला लावते आहे. म्हणजे तुला जी दोन सर्टिफिकेटं तीन महिन्यांत मिळणार आहेत, त्यातलं एक मिळवायला मला पाच वर्षं लागली. दुसऱ्याला आठ महिने. माझं मत या अनुभवातून आलेलं आहे, तेव्हा त्यात थोडा राग असेल तर समजून घे.

आपल्याकडे जिम ट्रेनर व्हायला सरकारी परवाना लागत नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, ट्रेनरला दंड दिसणारा टी-शर्ट पुरतो. त्यामुळे कोणतं सर्टिफिकेट 'चालतं' या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही, ते बाजारात शोधावं लागतं. बाजारात वजन कशाला आहे ते सांगते.

एनसीसीए नावाची एक अमेरिकन यंत्रणा आहे. ती निरनिराळ्या व्यवसायांच्या प्रमाणपत्र परीक्षा तपासून त्यांना मान्यता देते. कोर्सला नव्हे, परीक्षेला. हा फरक डोक्यात पक्का बसव, कारण 'इंटरनॅशनल' शब्दाचा सगळा घोळ इथेच आहे. एसीई, एनएएसएम, एसीएसएम आणि एनएससीए या चार अमेरिकन संस्थांच्या पर्सनल ट्रेनर परीक्षा या मान्यतेखाली येतात. एसीईचं उदाहरण घे: वय १८ पूर्ण हवं, हातात सीपीआर (हृदय थांबलेल्याच्या छातीवर दाब देणं) आणि एईडीचं (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) चालू प्रमाणपत्र हवं, मग तीन तासांत १५० प्रश्न. पास झालास की दोन वर्षं चालतं, आणि त्या दोन वर्षांत २० तासांचं पुढचं शिक्षण केल्याशिवाय नूतनीकरण होत नाही. एसीएसएमचं तीन वर्षांचं चक्र आहे, तिथे ४५ तास. एनएससीएचं सीएससीएस हे आणखी वरचं, खेळाडूंच्या स्ट्रेंथ कोचसाठी. त्याला पदवी लागते. ती तुझ्याकडे आहे, पण ते आत्ता मनात आणू नकोस.

आता त्या ६५ हजारवाल्यांकडे जा आणि शांतपणे विचार: परीक्षा कोण घेतं, शिकवणारेच की दुसरं कुणी? गेल्या बॅचमध्ये नापास किती झाले? सर्टिफिकेट किती वर्षं चालतं? पहिल्याचं उत्तर "आम्हीच", दुसऱ्याचं "आमच्याकडे कुणी नापास होत नाही" आणि तिसऱ्याचं "लाइफटाइम" असं आलं, तर ते तुला चांगल्या जाड कागदावर हजेरी लिहून देणार आहेत. तिथे शिकवणारा माणूस चांगला असू शकतो. असेल तर शिकायला जरूर जा, पण मग फी शिकवण्याची आहे आणि परीक्षा वेगळी द्यायची आहे, हे धरूनच पैसे भर. परदेशी परीक्षांची फी डॉलरमध्ये असते, वर्षातून चार-पाच वेळा सवलती येतात. घाई केलीस तर पूर्ण भाव देशील.

देशी वाटही आहे. कौशल्य विकास मंत्रालयाच्या छत्राखाली खेळ आणि फिटनेस क्षेत्राचं कौशल्य मंडळ आहे, एसपीईएफएल-एससी. त्यांचा फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसतो. मोठ्या साखळी जिमच्या भरतीत हा कागद चालतो आणि खिशाला झेपतो. शाळेत पीटी शिक्षक व्हायचं असेल तर मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही, तिथे बी.पी.एड. लागतं, आणि त्यासाठी ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था, १९५७ सालची, आजही पहिलं नाव आहे. तुला ते नको आहे असं प्रश्नावरून दिसतं, म्हणून पुढे जाते.

न्यूट्रिशनिस्ट. इथे मी थोडी जास्त बोलणार आहे.

आपल्या गावाला या विषयाचा मान आहे. १९५० साली, हंसा मेहता कुलगुरू असताना, इथे होम सायन्सची विद्याशाखा निघाली. त्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत मी वरणाची वाटी वजनकाट्यावर ठेवायला शिकले. हसू नकोस. आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी सगळ्यांना आपापल्या घरची वाटी आणायला सांगितली होती. २६ वाट्या, आणि एकीचं माप दुसरीला लागू नाही. ९० मिलीपासून २२० मिलीपर्यंत. "आता सांगा, पेशंटने एक वाटी वरण खाल्लं म्हणजे काय खाल्लं?" त्या दिवसापासून मी क्लायंटच्या घरी गेले की आधी वाटी बघते.

आजारी माणसाला पथ्याचा आहार ठरवून देणं हे आहारतज्ज्ञाचं काम आहे. त्यासाठी पोषणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि मग इंडियन डायेटेटिक असोसिएशनची नोंदणी परीक्षा असा रस्ता आहे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ आणि न्यूट्रिशनिस्ट दोघंही आहेत. म्हणजे आज ना उद्या ही पाटी लावायला नोंदणी दाखवावी लागणार. तीन महिन्यांचं न्यूट्रिशनचं सर्टिफिकेट वाईट नसतं. त्यातून तुझं स्वतःचं ज्ञान वाढतं. पण ते दाखवून कुणाच्या डायबेटिसला हात लावायचा नाही.

तो हात मी लावलेला आहे, म्हणून सांगते.

पहिलंच वर्ष. एका जिममध्ये मला क्लायंट मिळाले, ४८ वर्षांचे बँक अधिकारी, साडेनऊच्या आत ऑफिसला पोचायचं म्हणून सकाळी सहाला यायचे. डायबेटिस आहे असं त्यांनीच सांगितलं होतं, "गोळी चालू आहे, कंट्रोलमध्ये आहे". मी उत्साहात. पोळ्या चारवरून दोनवर आणल्या, रात्रीचा भात काढला, सकाळी आल्याबरोबर ट्रेडमिल. दहाव्या दिवशी ते चालता चालता घामाने थबथबले. पंखा समोर होता. मी विचारलं, "सर, ठीक आहात ना?" म्हणाले, "हो." विचारलं, "थांबायचं का?" म्हणाले, "हो." विचारलं, "की चालू ठेवायचं?" म्हणाले, "हो." त्यांचा हात मशीन बंद करायची समोरची लाल चावी शोधत होता आणि ती चावी त्यांच्या बोटांच्या शेजारीच होती. मी मशीन बंद केलं, खाली बसवलं. झाडू मारणाऱ्या मावशींनी माझ्याआधी ओळखलं. "साखर द्या त्यांना, माझ्या सासऱ्यांना असंच होतं," म्हणत त्या बाहेर धावल्या आणि टपरीवरून चार चमचे साखर घातलेला चहा घेऊन आल्या. दहा-पंधरा मिनिटांत माणूस माणसात आला.

दुपारी त्यांच्या डॉक्टरांचा फोन. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "गोळी कोणती घेतात, हे विचारलं होतं का?" नव्हतं विचारलं. ती ग्लिमेपिराइड होती. काही गोळ्या, एकट्या मेटफॉर्मिनसारख्या, साखर सहसा धोक्याच्या खाली नेत नाहीत. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या मात्र पोटात अन्न असो नसो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. वर मी खाणं कमी केलेलं, आणि चालणारे स्नायू स्वतःच रक्तातली साखर ओढून घेतात. हे सगळं मला पाठ होतं. त्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते.

तेव्हा डाएट चार्टचं उत्तर असं. निरोगी मेंबरला रोजच्या खाण्याबद्दल बोलायला तुला कुणी अडवणार नाही: भाज्या वाढव, प्रथिनं वाढव, पाणी पी, तळलेलं कमी कर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, फुकट मिळतात, त्या वाच आणि त्याच्या आत राहून बोल. पण ज्याला डायबेटिस, किडनी, थायरॉइड, युरिक अॅसिड, ज्या बाईला दिवस गेलेत किंवा अंगावर पाजतेय, ज्या मुलीने जेवणच सोडलंय, त्यांच्यासाठी एक ओळही लिहून द्यायची नाही. "हे माझं काम नाही, या बाईंकडे जा" असं म्हणताना लाज वाटू देऊ नकोस. मी आहारतज्ज्ञ म्हणून सांगते, जो ट्रेनर माझ्याकडे माणूस पाठवतो त्याच्याकडे मी चार पाठवते. आपल्या गावात हा हिशेब फार लवकर जमतो.

आणि खरं सांगू? चार्ट कुणी पाळतच नाही. अकरा वाजता चार बदाम, पाच वाजता ग्रीन टी असलं पत्रक फ्रिजवर चिकटवतात आणि त्याच फ्रिजमधून श्रीखंड काढतात. त्यापेक्षा विचारायला शिक. माझा एक ठरलेला प्रश्न आहे: "तुमच्याकडे सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, डबा किती दिवस पुरतो?"

कारेलीबागेतल्या एका वहिनींनी मला सांगितलं होतं, आमच्याकडे तळण नसतंच, अगदी साधं जेवण. चौघांचं कुटुंब. डबा १५ किलोचा, दोन महिने पुरतो. मी त्यांच्याच किराण्याच्या वहीच्या मागे हिशेब मांडला. १५ हजार ग्रॅम, ६० दिवस, चार माणसं: माणशी रोज ६२ ग्रॅम. ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर साडेपाचशेच्या वर, नुसत्या तेलाच्या. त्या वहिनी पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाजीला तर्री नसली की हे ताट सरकवतात." म्हणजे खरी अडचण त्या ताटात होती, आणि ती चार्टने सुटणारी नव्हती. पुढच्या वेळी मी त्यांच्या यजमानांना बोलावलं. डबा हळूहळू साडेतीन महिन्यांवर गेला. मी एकही पदार्थ बंद केला नाही.

प्रथिनांचंही तसंच. ७० किलोच्या माणसाला त्याच पोषण संस्थेच्या हिशेबाने किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५८ ग्रॅम लागतात. वजनं उचलणाऱ्याला १.२ ते १.६, म्हणजे ८४ ते ११२. आता आपल्या घरातला दिवस मोज. सकाळी चहा-खाखरा, दुपारी चार फुलके, भाजी आणि पातळ गोड आमटी, पाचला शेव-उसळ, रात्री खिचडी-कढी. फार तर ४५ होतात, आणि त्यात शेव-उसळीचा वाटा लोकांना वाटतो तेवढा नाही, कारण आपल्याकडे उसळ नावाला आणि शेव-तर्री पोटाला. यात ३० ग्रॅम सोया चंक घातले की १५ ग्रॅम वाढले, १०० ग्रॅम पनीर घातलं की १८, दोन अंडी चालत असतील तर १२. त्यानंतर कमी पडलं तर पावडरीचा डबा. डबा घ्यायचाच असेल तर त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा यंत्रणेचा, १४ अंकी क्रमांक आहे का ते बघायला शिकव. आणि त्या डब्यावर तुला कमिशन मिळत असेल तर मेंबरला ते आधी सांग. बहुतेक जण सांगत नाहीत.

कोर्समध्ये व्यायाम शिकवतील, तो तू शिकशीलच. पण पहिल्या भेटीत व्यायाम घ्यायचाच नाही, ही सवय आत्तापासून लाव. परीक्षेच्या अभ्यासात पार-क्यू नावाची प्रश्नावली येईल, सुरुवातीला सात प्रश्न: हृदयाचा त्रास किंवा बीपी, छातीत दुखणं, चक्कर, इतर जुनाट आजार, चालू औषधं, हाडं-सांध्यांची दुखणी, डॉक्टरांनी देखरेखीशिवाय व्यायाम नको म्हटलंय का. जिममध्ये हा कागद रिसेप्शनवर सही करून घेतात, न वाचता. तू तो हातात घे आणि मोठ्याने वाच, मराठीत, गुजरातीत, जी भाषा असेल तीत. कागदावर 'नाही' लिहिलेला माणूस ऐकताना म्हणतो, "म्हणजे ती रात्रीची बीपीची अर्धी गोळी पण धरायची का?"

धरायची. आणि ती बीटा-ब्लॉकर असेल, मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोल, तर हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे सूत्र त्या माणसासाठी मोडीत निघालं. त्याचे ठोके गोळीनेच दाबून ठेवलेत, तू घड्याळात १४० शोधत बसशील आणि तो १०५ लाच दमलेला असेल. तिथे मी बोलण्याची चाचणी लावते: चालताना गप्पा मारता येतात पण आरती म्हणता येत नाही, इतपत वेग बरोबर. गप्पाही तुटल्या की कमी कर. यंत्र लागत नाही. बीपीवाल्याला वजन उचलताना श्वास कोंडू द्यायचा नाही, कारण दम धरून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो. मी त्यांना उठताना आकडा मोठ्याने म्हणायला लावते. आकडा म्हणणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

बैठकीचं एक सांगते, कारण तू ती रोज चुकीची शिकवत असणार. मीही शिकवली आहे. ऑफिसात बसणारा चाळिशीचा माणूस खाली बसायला लागला की टाचा उचलतात आणि कंबर गोल होते. आपण ओरडतो, "छाती वर, पाठ सरळ!" तो ऐकतो, पण त्याचा घोटा वाकतच नाही, मग पाठ सरळ राहणार कशी? टाचेखाली दोन बोटं जाडीची फळी ठेव, किंवा मागे खुर्ची ठेवून बसा-उठा सुरू कर, आणि खुर्चीची उंची पंधरवड्याला कमी करत जा. आजोबांच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. पाटावर जेवायचे, उकिडवं बसून आंघोळ करायचे, त्यांची बैठक दिवसभर चालूच असायची. या गावात व्यायामावर दहा खंडांचा मराठी ज्ञानकोश निघाला, मुजुमदारांचा. त्या पिढीची वाक्यं आज जशीच्या तशी वापरू नकोस, पण जोर आणि मुद्गल यांना जुनाट समजून हसूही नकोस. खांद्यासाठी हलका मुद्गल फिरवणं मी आजही देते, आणि एनआरआय पाहुणे त्याचे व्हिडिओ काढतात.

सीपीआर मात्र आधी शिक. परीक्षेसाठी लागतं म्हणून नाही. २०२३ च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना माणसं कोसळल्याच्या बातम्या तू वाचल्या असशील, त्यात तरुणही होते. आपल्या मेंबरांपैकी निम्मे गरब्याच्या ४० दिवस आधी येतात, वर्षभर जागचे न हललेले, आणि विचारतात, "बेन, पेट क्यारे उतरशे?" म्हणजे, ताई, पोट कधी उतरणार? हळू सुरुवात करणारा ट्रेनर त्यांना आळशी वाटतो. वाटू दे. छातीवर दाब देण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, हे पुतळ्यावर स्वतःच्या मनगटाने अनुभवल्याशिवाय कळत नाही. ऑनलाइन व्हिडिओ बघून मिळणारं सर्टिफिकेट घेऊ नकोस. पुतळा आहे का, ते विचार. आणि पहिल्याच दिवशी कुणाकडून दमछाक होईतो शंभर-शंभर बैठका काढून घेऊ नकोस. स्नायू एवढे तुटतात की त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकतो. दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली असं कुणी म्हटलं, तर "होतं सुरुवातीला" म्हणायचं नाही, थेट दवाखान्यात.

जिममध्ये तुला लवकरच कुणीतरी 'इंजेक्शन' बद्दल विचारेल, किंवा मालकच 'मागचं कपाट' दाखवेल. ते बहुतेक टेस्टोस्टेरॉन असतं, स्नायू फुगवायला घेतलेलं पुरुषी हार्मोन, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, शुक्राणू घटतात, चांगलं कोलेस्टेरॉल खाली जातं, रक्त दाट होतं. २६ वर्षांचा, लग्नाला दीड वर्ष झालेला मुलगा आपला रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर रडलेला आहे. त्याला ते ट्रेनरनेच टोचलं होतं. या बाबतीत माझं मत चर्चेला उपलब्ध नाही.

आता पैसे, म्हणजे आईचा खरा प्रश्न. माझा पहिला पगार साडेचार हजार होता. पर्सनल ट्रेनिंगमध्ये क्लायंटच्या फीचा वाटा जिम घेतं. किती ते लेखी घे, आणि क्लायंट तुझा की जिमचा हेही त्यातच लिहून घे, भांडणं तिथेच होतात. दिवस सहा ते दहा आणि पाच ते नऊ असा दोन तुकड्यांत फाटतो, दुपारी सगळं जग कामावर आणि तू घरी. तेवढ्यात अभ्यास कर. घरी जाऊन ट्रेनिंग देशील तर पेट्रोल आणि रस्त्यातला वेळ फीमध्ये धर; गोत्री ते मांजलपूर संध्याकाळी सातला काय असतं ते तुला मी सांगायला नको. १२ सत्रांचे पैसे आधी, आणि आदल्या रात्री कळवलं नाही तर सत्र बुडालं, हा नियम पहिल्याच दिवशी सांग. नात्यातल्यांनाही. विशेषतः नात्यातल्यांना. वर्षाचा पैसा सारखा येत नाही: नवरात्राआधी भरती, दिवाळीला शुकशुकाट, डिसेंबरात परदेशातले पाहुणे, उत्तरायणाला सगळे गच्चीवर, मे महिन्यात सगळे मामाच्या गावाला. म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय जिमची नोकरी सोडू नकोस. आईला सांग, बी.कॉम. कुठे पळून जात नाही. आणि बँकेची परीक्षा द्यायचीच असेल तर दे, पण दोन्हीकडे अर्धा अर्धा राहू नकोस. या वर्षी हे, असं ठरव आणि तिला तारीख सांग.

इंग्रजीची भीती मी ऐकून घेते, पण फार मानत नाही. १५० प्रश्न, १८० मिनिटं. एका प्रश्नाला मिनिटाच्या वर वेळ आहे, आणि निबंध लिहायचा नाही, चारांतलं एक निवडायचं. स्नायूंची नावं तर इंग्रजीही नाहीत, लॅटिन आहेत. ती सगळ्यांनाच परकी. एक दोनशे पानी वही कर. डाव्या पानावर पुस्तकातलं नाव देवनागरीत, उजव्या पानावर तो स्नायू काय करतो ते आपल्या भाषेत: 'ग्लुटिअस मिडिअस, एका पायावर उभं राहिलं की कंबर कलू देत नाही.' मग जिममध्ये जा आणि चालणाऱ्या दहा माणसांची कंबर बघ, कुणाची कलते. रोज पाच स्नायू केलेस तरी दोन महिन्यांत वही भरते. सीपीआर या महिन्यात, पुस्तक पुढचे पाच महिने, सराव परीक्षा दोनदा ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की मगच तारीख घे. फेरपरीक्षेची फी पुन्हा डॉलरमध्येच असते.